नर्मदेच्या फुगवट्यावर कोणती नाव घ्यावी?
दोन लहान अ‍ॅल्युमिनियम नावांचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नर्मदा महाराष्ट्राच्या हद्दीने वाहते. सरदार सरोवर धरणाचे दरवाजे जून २०१७ मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील नदीकाठच्या अनेक पाड्यांच्या पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या. आता तेथे पाणी हाच रस्ता आहे. मीठ, तेल, साबण नावेने जाते, मासे नावेने येतात आणि आजारी माणूसही नावेनेच दवाखाना गाठतो. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी कोळ्याची लहान होडी मागून घेतली व स्वतः वल्ही मारीत बालकांपर्यंत आहार पोचविला. ही बातमी देशभर गाजली.

रस्ता जाईल तिकडे दुकान जाते, ही तिजारतीची जुनी रीत आहे. म्हणून मोलगी, धडगाव, अक्कलकुवा या भागातील किराणा व मासळीच्या व्यापाऱ्यांना आपली एक लहान नाव असावी असे वाटणे साहजिक आहे. लाकडी नावेला दरवर्षी डांबर लागते व ती कुजते. फायबरची नाव खडकावर वारंवार घासली की तडकते. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, पण नाव चालत राहते. त्याचे वजनही त्याच आकाराच्या लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश असते.

बाजारात मशीन लावता येईल अशा लहान अ‍ॅल्युमिनियम नावा मुख्यत्वे दोन प्रकारच्या मिळतात. एक चपट्या तळाची, साधारण १२ फुटी. दुसरी निमुळत्या, म्हणजे मधे खाली उतरत्या तळाची, साधारण १४ फुटी. दोन्ही चकचकीत, दोन्हींच्या मागे मशीन. ग्राहक किंमत विचारतो आणि स्वस्त ती उचलतो. इथेच चूक होते.

चपट्या तळाची नाव

ही नाव रिकामी साधारण ५० ते ६० किलो भरते. दोघे जण ती सहज ओढतात. ती वीतभर पाण्यातही चालते आणि उभी असताना डुलत नाही. जाळे ओढणाऱ्याला व माल चढविणाऱ्याला ती सोयीची असते. लहान मशीनवर भागते, म्हणून पेट्रोल कमी लागते.

तिचा दोष लाटेत दिसतो. वारा सुटला की चपटा तळ प्रत्येक लाटेवर आपटतो. काठ बुटके असल्याने पाणी आत येते. वळताना ती बाजूला घसरते.

निमुळत्या तळाची नाव

हिचे वजन ८५ ते ११० किलोपर्यंत जाते. पुढचे टोक उंच असते व ते लाट कापीत जाते. काठ उंच असल्याने भरलेली असतानाही पाण्यापासून अंतर राहते. मात्र चढता-उतरताना ती एका बाजूला कलते, काठाजवळ थोडे जास्त पाणी मागते आणि मशीनही मोठे मागते. ती चिखलातून वर ओढायला चार माणसे लागतात.

पाणी पाहून नाव

आता आपल्या जिल्ह्यातील पाणी पाहू. तापीवर सारंगखेडा व प्रकाशा येथे बॅरेज आहेत. तेथील पाणी एरवी संथ असते. नवापूर तालुक्याच्या कडेला १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा येतो. त्याच्या उथळ कडांवर, काठाकाठाने मासळी गोळा करणाऱ्याला चपट्या तळाची नाव पुरते.

नर्मदेचे पाणी वेगळे आहे. सातपुड्याच्या उभ्या डोंगरांमध्ये ते खोल भरलेले असते आणि वारा दरीतून नळीसारखा सुटतो. नाव मध्यावर असताना लाट उठली तर जवळ सपाट काठ नसतो. येथे उंच काठाची, निमुळत्या तळाचीच नाव हवी.

यावर अनुभवी माणसाचा आक्षेप असा येईल की जड नाव रोज ओढायची कशी? आक्षेप खरा आहे. या जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आणि नियोजनातील किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे फरक २८ मीटरचा, नऊ मजली इमारतीएवढा. पाणी उतरले की कालचा काठ आज डोंगराच्या वर राहतो आणि खाली गाळ व खडक उघडे पडतात. पक्का धक्का बांधावा अशी जागाच नाही.

याला उपाय असा : जड नाव रोज ओढूच नये. ती पाण्यातच ठेवावी. लांब दोराने बांधावी आणि पातळी बदलेल तसा दोर कमी-जास्त करावा. आखूड दोराने बांधलेली नाव पाणी चढताच बुडते आणि उतरताच खडकावर लटकते. मशीन तेवढे काढून घरी न्यावे. रात्री नावेवर लक्ष ठेवायला काठावरच्या पाड्यातील माणूस भागीदार किंवा पगारी घ्यावा. पाण्याची जाण त्यालाच जास्त असते.

वजनाचा हिशेब

परदेशात २० फुटांच्या आतील लहान नावांसाठी एक सोपा नियम वापरतात. लांबी व रुंदी फुटांत घेऊन गुणावी आणि १५ ने भागावे. उत्तर येईल तितकी माणसे, तीही पाणी शांत असेल तेव्हा. १२ फूट लांब व साडेचार फूट रुंद नावेचा गुणाकार ५४ येतो. १५ ने भागल्यास ३.६, म्हणजे तीन माणसे. १४ फूट लांब व साडेपाच फूट रुंद नावेचा गुणाकार ७७, म्हणजे पाच माणसे.

माल भरायचा असेल तर माणसे वजा करावीत. एका माणसाऐवजी सुमारे ७० किलो माल धरावा. पाच माणसांच्या नावेत चालक व एक मदतनीस बसले तर उरते सुमारे २१० किलो. यात मासे, बर्फ, पेट्या सारे आले. बर्फाचे वजन बरेच जण धरीतच नाहीत. नाव विकणाऱ्याने वजनाची मर्यादा दिली असेल आणि ती याहून कमी असेल, तर तीच पाळावी.

१५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत नाव उलटून काही जणांना जलसमाधी मिळाली. नावेत साठेक माणसे होती असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. ती नाव आपल्या नावेपेक्षा मोठी होती. “अजून एक बसू द्या” हा शब्द मोठ्या नावेला भोवतो, तर लहानीचे काय होईल याचा विचार करावा. जितकी माणसे तितकी जीवरक्षक जाकिटे हवीत आणि ती अंगावर हवीत, बाकाखाली नव्हे. पाणी भरले तरी नाव तरंगत राहावी म्हणून बाकांखाली फोम भरलेला आहे का, हेही घेण्यापूर्वी पाहावे.

पत्रा आणि जोड

डेगचीचे अ‍ॅल्युमिनियम आणि नावेचे अ‍ॅल्युमिनियम एक नव्हे. भांड्याचा पत्रा मऊ असतो. नावेला ५०५२ किंवा ५०८३ या जातीचा पत्रा लागतो. बिलावर जात व जाडी लिहून घ्यावी.

जोड दोन प्रकारचे असतात, रिबीटचे आणि वेल्डिंगचे. रिबीट काही वर्षांनी ढिले होऊन पाझरतात, पण दुरुस्ती सोपी असते. एकाने आतून टेकू धरला व दुसऱ्याने बाहेरून ठोकले की काम होते. भरीव रिबीटच वापरावे, कारण साध्या पोकळ पॉप रिबीटमधून पाणी शिरते. वेल्डिंगची नाव पाझरत नाही, पण धक्के खाऊन जोडाशेजारी चीर गेली तर साध्या वेल्डिंगने ती सांधत नाही. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, परंतु त्याच्यावरचा ऑक्साईडचा थर दोन हजार अंशांच्या पुढे. म्हणून थर घासून काढून आर्गन वेल्डिंग करावे लागते. नंदुरबार-शहादा भागातील आपल्या पत्राकाम करणाऱ्या तरुणांनी हा हुन्नर शिकून घेतला तर जलाशयावरच्या नावांचे काम त्यांच्याकडे येऊ शकते.

एक गोष्ट विसरू नये. अ‍ॅल्युमिनियमला तांबे-पितळ चिकटून राहिले आणि ओल मिळाली की पत्रा खाल्ला जातो. तळाच्या पाण्यात तांब्याची तार किंवा नाणेसुद्धा पडू देऊ नये. बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत व मधे रबराचा वायसर ठेवावा.

मशीन व कागदपत्रे

नाव आधी ठरवावी, मशीन नंतर. मशीनचा दांडा आखूड १५ इंची व लांब २० इंची असतो. नावेच्या मागच्या फळीची उंची मोजूनच दांडा निवडावा. दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, लांब पडला तर खडकाला लागतो. १० अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक मशीन पूर्ण वेगात तासाला तीन ते चार लिटर पेट्रोल पिते. जाऊन-येऊन दोन तासांची फेरी म्हणजे सात-आठ लिटर. एवढे पेट्रोल मालाच्या नफ्यातून सुटते का, हे कागदावर मांडून मगच पुढे जावे. मशीन बंद करणारी सुरक्षा दोरी चालकाच्या मनगटाला बांधलेली हवी. मशीनचे वजन सुमारे ४० किलो असते, वल्ह्यांची जोडीही बरोबर हवीच.

१९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. यांत्रिक नावेची तपासणी, नोंदणी व विमा त्यात येतो. पैसे देण्यापूर्वी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे चौकशी करावी. मालाची नाव भाड्याने प्रवासी नेण्यासाठी वापरू नये.

चौघांनी मिळून नाव घेतली तर कोणाचे भांडवल किती, मेहनत कोणाची, मशीन बिघडले तर खर्च कोणाचा, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवावे. दर महिन्याला दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला काढावी.

थोडक्यात, तापीच्या व उकाईच्या उथळ कडांवर चपटी नाव घ्यावी. नर्मदेच्या खोल पाण्यावर मात्र महाग पडली तरी निमुळत्या तळाचीच घ्यावी आणि भांडवल कमी पडत असेल तर वर्षभर थांबावे. गेलेला माल पुन्हा भरता येतो. पण नावेत पाय ठेवणारा माणूस, गिऱ्हाईक असो वा मजूर, ही मालकाजवळची अमानत आहे. ती काठाला सुखरूप परत करणे हा या धंद्यातील पहिला हिशेब आहे.