सही आधी, कारकीर्द नंतर

टॉम ब्रेडीने २००० सालच्या मोसमात एकूण तीन पास टाकले. त्यातला एक साथीदाराच्या हाती पडला आणि संघ सहा यार्ड पुढे गेला. वर्षभराची कमाई एवढीच. नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर १९९वा लागला होता आणि त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारे मुख्य खेळाडू, उचलले गेले होते. त्याच वर्षीच्या ‘प्लेऑफ कंटेंडर्स’ या खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांच्या संचासाठी त्याने सह्या केल्या. त्यातल्या ‘चॅम्पियनशिप तिकीट’ प्रकारची जेमतेम शंभर कार्डं निघाली. पुढे ब्रेडीने सात सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम लढती, जिंकल्या, आणि जून २०२१मध्ये त्या शंभरातलं एक कार्ड ३१ लाख डॉलरला गेलं.

ब्रेडीचा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकेतला. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचा, फेकायचा आणि समोरून येणाऱ्याला आडवं पाडायचं. या खेळाच्या कार्डांविषयी वर्तमानपत्रांत छापून येतं ते लिलावाच्या आकड्यांपुरतं. मला ओढ आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. पहिल्या कार्डावर सही होते तेव्हा मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा असतो. आपलं पुढे काय होणार हे त्याला ठाऊक नसतं, कार्ड छापणाऱ्या कंपनीला नसतं, कार्डांचं पाकीट फोडणाऱ्यालाही नसतं. कारकीर्द नंतर घडते, आणि ती घडून गेल्यावरच त्या सहीचा अर्थ लागतो.

पाकिटातच सही केलेलं कार्ड मिळण्याची प्रथा तशी अलीकडची. पूर्वी च्युइंगगमसोबत कोरं कार्ड यायचं. ते घेऊन पोरं सरावाच्या मैदानाबाहेर ताटकळत, नाहीतर परतीचा लिफाफा घालून खेळाडूच्या पत्त्यावर पाठवत आणि महिनोन्‌महिने पोस्टमनची वाट बघत. १९९१मध्ये ‘प्रो लाइन’ या संचाच्या काही पाकिटांत सह्यांची कार्डं घातली गेली आणि फुटबॉलमध्ये हा प्रकार सुरू झाला. आता खेळाडू संघटना दरवर्षी ‘रुकी प्रीमियर’साठी नवख्यांना एकत्र आणते, तिथे फोटो निघतात आणि सह्याही होतात. बऱ्याचदा सही कार्डावर नसतेच. ती पारदर्शक स्टिकरवर घेतात आणि स्टिकर मागाहून कार्डावर डकवतात. जाणते संग्राहक अशा सहीला कमी लेखतात, आणि ते योग्यच आहे. ते कार्ड त्या खेळाडूने कधी हातात धरलेलंच नसतं.

१९९८च्या ड्राफ्टआधी एकच वाद रंगला होता: पेटन मॅनिंग की रायन लीफ? इंडियानापोलिस कोल्ट्सने पहिल्या क्रमांकावर मॅनिंगला घेतलं, सॅन डिएगो चार्जर्सने दुसऱ्यावर लीफला. त्या वर्षीच्या कंटेंडर्स संचात दोघांच्याही सह्या आहेत. मॅनिंगची सही स्वच्छ, नाव सहज वाचता येईल अशी. तो पाच वेळा मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, दोन वेगवेगळ्या संघांकडून सुपर बोल जिंकला. लीफने सगळ्या कारकिर्दीत १४ टचडाऊन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, टाकले आणि ३६ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला. २००२मध्ये त्याचा खेळ संपला. मग वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन, घरफोडी, तुरुंग. २०१४च्या अखेरीस तो सुटला आणि पुढे व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी काम करू लागला. मॅनिंगच्या मानाने लीफचं कार्ड कवडीमोलाने मिळतं. माझ्या मते ती दोन्ही एकाच पानावर हवीत. एप्रिल १९९८मध्ये भली भली माणसं या दोघांत निवड करताना अडखळली होती, हे एकट्या मॅनिंगच्या कार्डावरून कुणाला कळणार नाही.

पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते जॉनी युनायटसचं कार्ड. टॉप्स या कंपनीचा १९५७चा १५४ कार्डांचा संच. कार्ड आडवं, एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला खेळतानाची छबी. युनायटसचा क्रमांक १३८. दोनच वर्षांपूर्वी पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला नवव्या फेरीत घेतलं होतं आणि मोसम सुरू होण्याआधीच काढून टाकलं होतं. तो बांधकामावर कामाला लागला आणि सामन्याला सहा डॉलर घेऊन ब्लूमफिल्ड रॅम्स या स्थानिक संघाकडून खेळला. १९५६मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला बोलावलं. २८ डिसेंबर १९५८ रोजी यांकी स्टेडियममध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धची अंतिम लढत जादा वेळेत गेली आणि युनायटसच्या कोल्ट्सनी ती २३-१७ अशी जिंकली. टीव्हीवर हा खेळ अमेरिकेने आपलासा केला तो त्या सामन्यापासून, असं मानतात. सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाऊन पास, हा त्याचा विक्रम २०१२पर्यंत टिकला.

१९६८चा मोसम सुरू होण्याआधी त्याच्या उजव्या हाताला जबर दुखापत झाली. तरी तो १९७३पर्यंत खेळला. उतारवयात मात्र त्याच हाताची बोटं वळेनाशी झाली. सही करायची तर पेन उजव्या हाताच्या बोटांत खोचून बसवावं लागे. २००२मध्ये तो गेला. त्याची शेवटच्या वर्षांतली सही ज्याच्याकडे असेल, त्याने तिची तरुणपणच्या सहीशी तुलना करून खोट काढू नये. ज्या हाताने ते सगळे पास फेकले, त्याच हाताची ती सही आहे.

कर्ट वॉर्नरला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंच नव्हतं. आयोवातल्या हाय-व्ही या किराणा दुकानात तो फळ्यांवर माल लावायचा. १९९९च्या मोसमात सेंट लुईस रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला, वॉर्नर उतरला, ४१ टचडाऊन पास टाकले आणि सुपर बोल जिंकला. भारतात हा खेळ रुजवायला निघालेल्या एलिट फुटबॉल लीगमध्ये त्याने पैसे गुंतवले होते, आणि त्या लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता. वडिलांकडून भारतीय वंशाचा, ग्रीन बे पॅकर्सकडून खेळलेला ब्रँडन चिलारही त्या उपक्रमात होता. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांनी त्याचं सही केलेलं कार्ड जरूर शोधावं.

शोधताना जपून मात्र राहायला हवं. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवून खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा सह्यांसोबत प्रमाणपत्रंही खोटी छापली जात होती, हे उघड झालं. १९९८पासून पीएसए/डीएनए सही तपासून देते, पुढे इतरही संस्था आल्या. तरी कार्ड कोणाकडून आलं हे विचारायला संकोचू नये.

खेळाडू संघटनेच्या हिशेबाने या खेळातली सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची असते. म्हणजे पाकिटांतून निघणाऱ्या बहुतेक सह्या लवकरच विसरल्या जाणाऱ्या मुलांच्या आहेत, आणि त्या चहा-वड्याच्या पैशांत मिळतात. सुरुवात करायची तर त्यांच्यापासूनच करा. एक संघ, एक मोसम निवडा. राखीव खेळाडूंचीही कार्डं गोळा करा. कोण किती सामने खेळला, कोणत्या दुखापतीने घरी गेला ते वाचून काढा. त्यातला एखादा हयात असेल तर त्याचा कोणता सामना तुम्हाला आवडला ते लिहून त्याला कार्ड पाठवा. परतीच्या लिफाफ्यावर तेवढी अमेरिकेची तिकिटं लावा. तिथून येणाऱ्या टपालाला आपली चालत नाहीत.