एक बाळ, दोन देश!

ए, एक कोडं घालू? पुण्याचे आई-बाबा नोकरीसाठी कॅनडात राहतात. तिथे टोरांटो शहरात त्यांना बाळ झालं. सांग पाहू, बाळ कुठल्या देशाचं? भारताचं की कॅनडाचं?

काय म्हणालास, भारताचं? बरोबर! आणि तू म्हणतेस, कॅनडाचं? तेही बरोबर!

असं कसं? कबड्डीचे संघ पाडताना आठव. समजा, एक कप्तान म्हणाला, "माझ्या मैदानात जन्मला, तो माझा गडी!" दुसरा म्हणाला, "ह्याचे आई-बाबा माझ्या संघातले, म्हणून हाही माझाच!" कॅनडा झाला पहिला कप्तान, भारत दुसरा. बाळ दोघांचंही!

गडी म्हणजे इथे नागरिक. कायद्याने त्या देशाचा झालेला माणूस. मोठेपणी त्याला तिथे मत देता येतं.

आणि हेच बाळ जपानमध्ये, टोकियोत जन्मलं असतं तर? फक्त भारताचं! कारण जपानही आई-बाबाच बघतो. मैदान नाही!

भारताचा कप्तान मात्र शिस्तीचा हं! बाळ वर्षाचं व्हायच्या आत भारताच्या वकिलातीत नाव नोंदवायचं. उशीर झाला, तर सरकारची खास परवानगी लागते. शिवाय आई-बाबांनी लिहून द्यायचं, "बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही."

आता गंमत बघ! पासपोर्ट नसला, तरी बाळ कॅनडाचं नागरिक आहेच! ते जन्मताच झालं. पासपोर्ट तर नुसती पुस्तिका!

मोठ्यांना अशी चैन नाही. त्यांनी आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं गेलंच! आपल्या बाळाला मात्र सवलत. कधीपर्यंत, ओळख! अठरा वर्षं पूर्ण झाली, की पुढे फक्त सहा महिने! तेवढ्यात कॅनडाचं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारताचं जातं.

थांब, खरी चक्रावणारी गोष्ट राहिलीच! 10 डिसेंबर 1992 च्या आधी परदेशात जन्मलेल्या बाळाला भारताचं नागरिकत्व फक्त बाबांकडून मिळायचं. आई भारतीय आणि बाबा परदेशी असले तर? नाही म्हणजे नाही! नऊ महिने पोटात सांभाळलं कुणी? आईने! आणि कायदा विचारणार बाबांना! आहे की नाही कमाल?

मग कायदा बदलला. आता दोघांपैकी कुणीही एक भारतीय असलं, की झालं. आईसुद्धा!