फाइल सर्व्हरला प्रोसेसर किती मोठा हवा?

विवरणपत्रांची मुदत दोन दिवसांवर आलेली. दहा-बारा जणांच्या सीए कार्यालयात सगळ्यांच्या फायली एकाच संगणकावर, आणि नेमका तोच रखडू लागतो. पहिला संशय प्रोसेसरवर जातो. ‘सोळा कोअरचा घ्या, प्रश्नच मिटेल,’ असे विक्रेताही सांगतो. बहुतेक वेळा प्रश्न मिटत नाही.

फाइल सर्व्हरचे काम कोठीवाल्याचे. मागितलेली फाइल काढून द्यायची, परत आली की जागेवर ठेवायची. त्यात आकडेमोड थोडीच. कार्यालयातल्या नेहमीच्या गिगाबिट नेटवर्कमधून सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट जाऊ शकतात, प्रत्यक्षात ११०च्या आसपास. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर साधी हार्ड डिस्कही एवढा वेग गाठते. पण दहा जणांनी एकाच वेळी छोट्या छोट्या फायली मागितल्या की डिस्कचे टोक इकडून तिकडे धावत राहते आणि तोच वेग काही मेगाबाइटवर घसरतो. प्रोसेसर तोवर वाट पाहत बसलेला असतो. अशा ठिकाणी पैसे आधी एसएसडीवर घालावेत.

मग प्रोसेसरमध्ये पाहायचे काय? लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ‘सांबा’ ही प्रणाली जोडलेल्या प्रत्येक संगणकासाठी वेगळी प्रक्रिया चालवते. त्यामुळे ढीगभर मंद कोअरपेक्षा चार चपळ कोअर सरस ठरतात. त्याच यंत्रावर डेटाबेस किंवा सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंगही चालवायचे असेल, तर मात्र गणित बदलते.

खरा कळीचा मुद्दा जाहिरातीत क्वचितच ठळक दिसतो, तो म्हणजे ईसीसी मेमरी. मेमरीतला एखादा बिट कधी कधी आपोआप उलटतो, शून्याचा एक होतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनातील सूक्ष्म किरणोत्सर्गी अंशांतून निघणारे अल्फा कणही असे करू शकतात. गुगलच्या सर्व्हरांवरील २००९च्या अभ्यासात वर्षभरात सुमारे ८ टक्के मेमरी पट्ट्यांमध्ये अशा चुका आढळल्या. पूर्णांकातला पंधरावा बिट उलटला तर रकमेत एकदम १६,३८४चा फरक पडतो. संगणक बंद पडत नाही, इशाराही देत नाही. चुकलेली फाइल रात्री इमानाने बॅकअपमध्येही जाते.

ईसीसी मेमरी दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवते. त्यांच्या आधारे एक चूक दुरुस्त होते, दोन झाल्या तर निदान कळते. पण त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोघांचीही साथ लागते. इंटेलच्या झिऑन मालिकेत ती असते. एएमडीच्या अनेक रायझेन प्रोसेसरमध्येही असते, पण मदरबोर्डच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘डीडीआर-५मध्ये ईसीसी असतेच,’ या उत्तरावर विसंबू नये. ती सोय चिपच्या आतपुरती असते. मेमरीपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरची चूक तिला पकडता येत नाही.

उरला विजेचा हिशेब. सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू असतो. जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेला दोन प्रोसेसरांचा सर्व्हर रिकामा बसूनही नव्या छोट्या यंत्रापेक्षा ८० वॅट जास्त घेत असेल, तर वर्षाला सुमारे ७०० युनिट वाढतात; युनिटला १० रुपये धरले तर ७,००० रुपये. शिवाय मे महिन्यात रात्री एसी बंद असलेल्या खोलीत ती सगळी उष्णता साठते, आणि यूपीएसही लवकर दम तोडतो.

विंडोजवर चालणाऱ्या सध्याच्या सर्व्हरची परीक्षा फुकटात होते. कामाच्या ऐन गर्दीत त्यावर टास्क मॅनेजर उघडून पाहावा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर १५-२०वर रेंगाळत असेल, तर नव्या प्रोसेसरचे दरपत्रक बाजूला ठेवायला हरकत नाही.