'अल्पसंख्याक' आणि 'अल्पमत'
शाहूवाडी तालुक्यातील एखाद्या ग्रामसभेत ठरावाविरुद्ध हात वर करणारे अल्पमतात असतात. ते अल्पसंख्याक असतीलच असे नाही. 'अल्पसंख्याक' ही समाजगटाची ओळख आहे, तर 'अल्पमत' ही एका प्रश्नापुरती भूमिका होय.

न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी संसदेने २०१४ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाच्या तरतुदींत दोहोंचाही विचार होता. दोन मान्यवर सदस्यांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांतून घ्यावयाचा होता. शिवाय सहापैकी कोणतेही दोन सदस्य असहमत असल्यास शिफारस होणार नव्हती. हे अल्पमताचे संरक्षण होय. राज्यसभेत या घटनादुरुस्तीविरुद्ध एकही मत पडले नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती रद्द ठरवली. या नकाराधिकारामुळे न्यायपालिकेचे प्राधान्य बाधित होते, हे त्याचे एक कारण होते. न्या. जस्ती चेलमेश्वर यांचे भिन्न मत मात्र निकालपत्रात सविस्तर नोंदलेले आहे.

अल्पमताला निर्णय रोखता यावा काय, याविषयी मतभेद संभवतात. ते मांडले व नोंदले जावे, याविषयी नाहीत. उत्तर लिहिताना हे दोन शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत.