देवळगावला उतरायचं

गोंदिया जंक्शनवरून चार दिशांना रूळ फुटतात. एक नागपूरकडे, एक दुर्ग-रायपूरकडे, एक बालाघाटवरून जबलपूरला आणि एक दक्षिणेला, नागभीड करत बल्लारशाहला. शहरातल्या माणसाला हे तोंडपाठ असतं, पण ते लग्नकार्य, दवाखाना आणि कोर्टकचेरीच्या हिशेबात. याच रुळांवरून एखादा दिवस नुसतं तळ्याकाठी, झाडाखाली बसायला निघावं, हे फार थोड्या घरांत सुचतं. गाडी असेल तर जंगल, नसेल तर घर, अशी समजूत पक्की झाली आहे.

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे चार-सहा महिने जाऊन आलेले आईवडील मात्र वेगळंच सांगतात. मुलगा-सून कामावर गेले की हे दोघं निघतात, जवळच्या कार्डावर मेट्रो आणि बस दोन्ही चालतात. सिंगापूरचं बोटॅनिक गार्डन १८५९ सालचं. २०१५ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. तिथल्या मेट्रो स्टेशनचं नावच बागेचं आहे आणि स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर बागेचं फाटक. ऑर्किडचा भाग सोडला तर तिकीट नाही. ज्या आजींनी गावात कधी एकटीनं रिक्षा केली नव्हती, त्या तिथं डबा घेऊन बाग फिरतात. लंडनकरांनी तर १८७८ सालीच कायदा करून एपिंगचं जंगल लोकांना फिरण्यासाठी मोकळं राखलं आणि १९४९ मध्ये शहराची ट्यूब रेल्वे थेट एपिंगपर्यंत नेली. आपल्याकडे मुंबईकरांना बोरिवलीला उतरून पायी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात जाता येतं.

गोंदिया जिल्ह्याला हे सुख परकं नाही. बल्लारशाहकडची गाडी धरायची आणि देवळगावला उतरायचं.

ही वाट आधी नॅरोगेजची होती. १९९० च्या दशकात ती रुंद झाली, तरी तिचा स्वभाव अजून जुन्या छोट्या गाडीचाच आहे. हिरडामाली, सौंदड अशा स्टेशनांवर ती थांबते, टोपल्या चढतात, टोपल्या उतरतात. दिवाळीच्या सुमारास खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पिवळ्या पडत असतात. हलका धान कापून झालेला, भारी धान उभा. मधूनच एखादी बोडी, तिच्यात कंबरभर पाण्यात उभं राहून शिंगाडे काढणारी माणसं. उकडलेल्या शिंगाड्यांची काळी साल दातानं फोडायची, आतला पांढरा गर खायचा आणि हात खिडकीबाहेर झटकायचा, एवढ्यात पुढचं स्टेशन येतं.

देवळगाव हे नवेगावबांधचं स्टेशन. इथला तलाव निसर्गानं दिलेला वाटावा इतका मोठा आहे, पण तो माणसांनी बांधला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचं मानतात. डोंगरांच्या मधल्या खिंडी पाळ घालून अडवल्या आणि पाणी थांबलं. भोवतीच्या टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. पाळ टिकावी म्हणून या सात बहिणींनी, म्हणजे देवींनी, कोलूला साथ दिली, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला आणि त्याचं ठाणं तलावाजवळ आहे. तलाव बांधणाऱ्या माणसाला देव मानणारा हा मुलूख आहे, ही गोष्ट इथल्या शाळांतून प्रत्येक मुलाला सांगावी इतकी मोलाची वाटते. भंडारा-गोंदियात आज मामा तलाव म्हणून ओळखले जाणारे माजी मालगुजारी तलाव हजारोंच्या संख्येनं आहेत. त्यांतले कितीतरी या कोहळी समाजाच्या हातचे. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणवलं, असं सांगतात.

पाळीवर उभं राहून खाली नीट पाहावं. काठालगतच्या पानांवरून कमळपक्षी चालतो. लांबलचक बोटं पसरून तो एकेका पानावर भार टाकतो, पान किंचित बुडतं, पाण्याची चकती वर येते, तोवर तो पुढच्या पानावर गेलेला असतो. थंडी वाढली की उत्तरेकडून बदकं उतरतात आणि पट्टकादंब हंसही येतात. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवरून हा हंस ओळखावा. त्याचे थवे हिमालय ओलांडून येतात.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच ठिकाणी राहिले. सोलापूरचा हा माणूस इथं पाखरांची, झाडांची आणि माणसांची भाषा शिकला. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे जंगल जाणणारे लोक त्यांना इथंच भेटले. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, २०२५ मध्ये पद्मश्री आणि त्याच वर्षी जूनमध्ये निरोप. मराठी वाचकाच्या मनातलं नवेगाव बरंचसं त्यांनीच उभं केलेलं आहे. त्यांचं पुस्तक पिशवीत टाकून पाळीवर बसणं, याहून चांगली सहल या जिल्ह्यात दुसरी नसेल.

तलावाकाठच्या बागेत पायी हिंडता येतं. राष्ट्रीय उद्यानाचा गाभा वेगळा. १९७५ सालचं हे उद्यान आणि नागझिऱ्यासह आसपासची अभयारण्यं मिळून २०१३ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. आतल्या जंगलात वाहन आणि परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि पावसाळ्यात ते बंदच असतं. ते तसंच असायला हवं. वाघाच्या घरात आपण पाहुणे आहोत.

पावसाळ्यासाठी दुसरी गाडी आहे, दुर्गकडची. आमगाव, सालेकसा मागे पडलं की डोंगर रुळांजवळ सरकतात आणि दरेकसा येतं. हाजरा धबधबा स्टेशनपासून पायी जाण्याजोगा आहे आणि धावत्या गाडीच्या खिडकीतूनही त्याची पांढरी धार दिसते. माघ पौर्णिमेला याच स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. कचारगडच्या गुहांकडे निघालेले गोंड भाविक छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून येतात. गोंडांच्या कोया पुनेम धर्माचं हे मूळस्थान, त्यामुळे त्यांच्यासाठी ही सहल नव्हे, माहेरी जाणं असतं.

अडचण आहे ती शेवटच्या दोन-चार किलोमीटरांची. गाड्या मोजक्या, स्टेशनवर उतरल्यावर पुढचं वाहन मिळेलच असं नाही आणि परतीची वेळ आधी विचारून ठेवली नाही तर अंधार पडतो. लेकुरवाळ्या बाईचा आणि गुडघे धरलेल्या आजोबांचा बेत इथंच मोडतो. एसटीनं मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट केलं आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. म्हणजे पैशाची अडचण बरीच सुटली. आता हवी ती गाडीच्या वेळेला स्टेशनच्या दारात उभी राहणारी एक छोटी बस आणि जाण्या-येण्याच्या वेळा ठळक मराठीत लिहिलेला एक फलक. रूळ आहेत, तलाव आहे, कोलू पाटलानं अवघड काम तीनशे वर्षांपूर्वीच करून ठेवलं आहे. एवढी बस सुरू व्हायलाच हवी.

संध्याकाळी देवळगावच्या फलाटावर दोन्हीकडे जाणारी माणसं असतात. दिवाळी झाली की पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात आणि याच मार्गावरच्या वडसा गावातल्या नाटक मंडळ्या रात्र रात्र रंगभूमी जागवतात. पुढच्या गावी पाहुणपणाला आणि नाटकाला निघालेल्या बाया नवी लुगडी सावरत वडशाच्या गाडीची वाट पाहतात. गोंदियाकडे परतणाऱ्यांच्या चपलांना पाळीवरची लाल माती लागलेली असते आणि पिशवीच्या तळाशी घरच्यांसाठी राखलेले ओंजळभर शिंगाडे.