वूस्टर स्ट्रीटचा खरपूस पिझ्झा

अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात 'पिझ्झा' म्हणणारा माणूस बाहेरचा, हे लगेच कळतं. तिथले जुने रहिवासी 'अबीत्झ' म्हणतात. दुकानांच्या पाट्यांवर 'अपिझ्झा' लिहिलेलं असतं, पण ते वाचायचं तसं नाही. नेपल्सच्या बोलीत 'ला पिझ्झा'मधला 'ल' गळतो, 'प' मऊ होऊन 'ब'कडे झुकतो आणि शेवटचा स्वर गिळला जातो. दक्षिण इटलीतून आलेल्या मजुरांनी ही बोली बरोबर आणली आणि ती तिथेच रुजली. त्याच चालीवर मोझरेला झालं 'मूत्झ'.

या मूत्झवरून पाहुण्याची पहिली फजिती होते. तो साधा, म्हणजे 'प्लेन' पिझ्झा मागवतो आणि समोर येतो टोमॅटोचा लाल थर, वर थोडं किसलेलं खारट पेकोरिनो चीज. पांढरं, ताणलं जाणारं चीज कुठेच नाही. ते हवं असेल तर वेगळं सांगायचं. मोझरेला इथे कांदा-मशरूमच्या पंगतीला बसतं.

न्यूयॉर्कहून आगगाडीने दोनेक तासांवर असलेलं हे गाव बाहेरच्यांना येल विद्यापीठामुळे ठाऊक असतं. पण विद्यापीठाकडे पाठ करून पूर्वेला चालत गेलं की वूस्टर स्ट्रीट लागतो. एकेकाळी ही इटालियन कामगारांची वस्ती होती. सार्जंट कंपनीच्या कुलपांच्या कारखान्याने त्यांतल्या अनेकांना पोटाला लावलं. अमाल्फी किनाऱ्यावरच्या मायोरी गावचे फ्रँक पेपे 1909 साली पोरवयात इथे आले. पहिल्या महायुद्धात इटलीच्या बाजूने लढायला परत गेले, युद्ध संपल्यावर पुन्हा आले आणि 1925 मध्ये त्यांनी या रस्त्यावर भट्टी पेटवली. सुरुवातीला ते डोक्यावर खास बैठक बांधून तिच्यावर टोमॅटोच्या पोळ्या ठेवत आणि जवळच्या बाजारात फिरून विकत, असं सांगतात. पुढे 1936 मध्ये त्यांनी शेजारची मोठी जागा घेतली. दुकान अजून तिथेच आहे.

दुकान म्हणजे मुळात भट्टीच. विटांची, खोलीएवढी, दगडी कोळशावर चालणारी. लाकूड जळताना वाफ सुटते. कोळशाची धग त्या मानाने कोरडी, आणि तापमान तीनशे अंश सेल्सियसच्या वर. पीठ सावकाश आंबवलेलं, लाटून नव्हे तर हाताने ताणून पातळ केलेलं. ते या धगीत गेलं की कडा फुगतात, वरचे बुडबुडे काळे पडतात आणि तळाला चट्टे उठतात. भट्टीत सगळीकडे आच सारखी नसते. कुठला पिझ्झा कुठल्या कोपऱ्यात सरकवायचा, कधी फिरवायचा, कधी ओढायचा हे लांब दांड्याची फळी धरणाऱ्यालाच ठाऊक. घड्याळाचा तिथे फारसा उपयोग नाही. आकाराचाही आग्रह नाही: पिझ्झा लांबट, वेडावाकडा, पत्र्याच्या थाळ्यात कागदावर येतो आणि त्याचे तुकडे एकसारखे नसतात.

नवखा माणूस कडा पाहून म्हणतो, जाळलाय. तो न्यू हेवनकरांचा अपमान. आपल्या भाषेत त्यांच्या कामाचे दोन शब्द तयार आहेत: खरपूस आणि करपलेलं. चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा खाल्लेल्या माणसाला यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. चांगली भट्टी या दोन शब्दांच्या मधल्या अरुंद पट्टीत काम करते. रोज, शंभर वर्षं.

म्हणून कुठल्याही गावात स्वतंत्र पिझ्झावाला शोधताना मी आधी साधा पिझ्झा मागवतो आणि तुकडा उलटून तळ पाहतो. वर झाकायला काही नसलं की पीठ, सॉस आणि भट्टी उघड्यावर येतात. टॉपिंगची यादी जितकी लांब तितका माझा संशय वाढतो. हा नियम न्यू हेवनमध्येच मोडतो, हेही सांगायला हवं. स्टेट स्ट्रीटवरच्या मॉडर्न अपिझ्झामध्ये 'इटालियन बाँब' मिळतो. बेकन, सॉसेज, पेपरोनी, मशरूम, कांदा, मिरची, लसूण, सगळं एकावर एक. ती भट्टी कोळशाची नाही, तेलावर चालते. तरीही पापुद्रा तडतडतो. असो.

पेपेंचं खरं नाव झालं ते मात्र एका बिनटोमॅटोच्या पिझ्झाने. दुकानात कच्च्या शिंपल्या अर्ध्या कवचात, तोंडी लावायला देत असत. आपल्याकडे कोकणात तिसऱ्यांची एकशिपी करतात, तशीच एक शिपी टाकून एक ठेवायची रीत, फक्त इथे शिजवणं नाही. साठच्या दशकात कधीतरी त्या शिंपल्या कवचातून निघून पिझ्झावर गेल्या. सोबत ऑलिव्ह तेल, लसूण, ओरेगॅनो आणि किसलेलं चीज. मूत्झ नाही. शिंपलीचं खारट पाणी पिठात मुरतं, लसूण तेलात तळला जातो. मालवणच्या माणसाला यात नारळ का नाही असा प्रश्न पडेल, पण पहिल्या घासानंतर तो विचारणार नाही. शेजारच्या वेस्ट हेवनमधल्या झुपार्डीजचा शिंपल्यांचा पिझ्झाही नावाजलेला. माझं मत विचाराल तर पेपेंचा, पण हे मत मी वेस्ट हेवनमध्ये मोठ्याने सांगणार नाही.

त्याच रस्त्यावर थोडं पुढे सॅलीज आहे, 1938 पासून. ते सुरू केलं पेपेंचे भाचे साल्वातोरे कॉन्सिलिओ यांनी. मामाकडे शिकून भाच्याने त्याच गल्लीत भट्टी लावली. तेव्हापासून गावात दोन तट आहेत आणि एका घरातही दोन तट असू शकतात. पेपेवाले म्हणणार, शिंपल्या. सॅलीजवाले म्हणणार, सॉस. 2017 मध्ये कॉन्सिलिओ कुटुंबाने सॅलीज विकलं, आता त्याच्या शाखा निघाल्या. पेपेंची पहिली शाखा 2006 मध्ये फेअरफिल्डला निघाली होती. त्यामुळे 'स्वतंत्र' हा शब्द आता दोघांनाही थोडा सैल बसतो. 2024 मध्ये खासदार रोझा डेलॉरो यांनी अमेरिकी संसदेच्या नोंदीत न्यू हेवनला देशाची पिझ्झा राजधानी म्हटलं. न्यूयॉर्कवाले चिडले, ते अपेक्षितच होतं.

सोबत प्यायला फॉक्सन पार्कचा सोडा घ्यावा. ही शेजारच्या ईस्ट हेवनची कंपनी 1922 पासूनची, म्हणजे पेपेंहूनही जुनी. बाटली गार असते, तुकडा भाजणारा, आणि रांगेत ताटकळलेल्या माणसाला निवेपर्यंत थांबवत नाही. टाळू पोळते. परतीच्या गाडीत तिकीट काढायला हात खिशात घालावा, तर बोटांच्या टोकांना अजून भट्टीचं काळं लागलेलं असतं.