छायाचित्रापूर्वीचा मसुदा : मूडबोर्डाविषयीचे काही गैरसमज

ज्येष्ठ वद्यात आळंदी आणि देहू येथून निघालेल्या दोन्ही पालख्या पुण्याचा मुक्काम आटोपून हडपसरला येतात, आणि येथेच ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाटाच्या वाटेने सासवडकडे, तर तुकाराम महाराजांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे मार्गस्थ होते. हा सोहळा कॅमेऱ्यात साठवू इच्छिणाऱ्याने आगाऊ मूडबोर्ड करावा, म्हणजे अपेक्षित प्रकाश, रंग, पोत आणि भाव दाखवणारी चित्रे, कापडाचे तुकडे व रंगपट्ट्या एका फलकावर मांडाव्यात, असे सुचविताच जे आक्षेप निघतात, त्यांतील बहुतेक गैरसमजातून आलेले असतात.

हे परदेशी जाहिरात-व्यवसायाचे नवे खूळ आहे, हा त्यांतील सर्वांत दृढमूल समज. नाव नवे खरे. परंतु चित्रीकरणापूर्वी पात्रांची वेशभूषा, ठेवण आणि हालचाली कागदावर रेखाटून घेण्याची शिस्त कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत मूकपटांच्या काळीच पाळली होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल १९२९ साली ‘प्रभात’च्या संस्थापकांत होते, ती कंपनी १९३३ साली पुण्यास आली, आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ याच जोडीने दिग्दर्शित केला. तेव्हा वारीच्या छायाचित्रांसाठी पूर्वरेखाटन करणारा हडपसरचा तरुण कोणाची नक्कल करीत नसून, स्वतःच्याच प्रांतातील एक जुना रिवाज पुढे चालवीत असतो.

दुसरा समज अधिक घातक आहे : फलकावर लावलेली चित्रे बरहुकूम उतरवावयाची असतात. वस्तुतः त्या प्रत्येक चित्रातून एखादाच गुण उचलावयाचा असतो, आणि तो गुण आपल्या स्थळी, आपल्या ऋतूत लाभणारा आहे की नाही याची छाननी आधी करावयाची असते. हिवाळ्यातील सोनेरी, तिरप्या उन्हात टिपलेली दहा चित्रे फलकावर लावून कोणी पालखीच्या दिवशी हडपसरला उभा राहिला, तर बहुधा त्याची निराशाच होईल. कारण त्या दिवसांत आकाश बहुतेक अभ्राच्छादित असते, सावल्या जवळजवळ नाहीशा होतात, आणि ढगांतून झिरपणाऱ्या निळसर प्रकाशात वारकऱ्यांची शुभ्र धोतरे कॅमेऱ्याला थंड, किंचित निळी दिसतात. ऊन पडलेच, तर आणखी एक तपशील ध्यानी ठेवावा : आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आणि पुणे सुमारे ७३.९ अंशांवर, सबब येथील खरी मध्यान्ह बाराच्या ठोक्याला नव्हे, तर त्यानंतर सुमारे अर्ध्या तासाने होते. म्हणून या प्रसंगाच्या फलकावर शोभतील ती ओल्या डांबरावर पडलेली भगव्या पताकांची प्रतिबिंबे, डोईवरचे तुळशीवृंदावन सावरणारा हात, पावसासाठी अंगावर ओढलेल्या प्लास्टिकच्या कागदाची चकाकी, आणि या सर्वांखाली पांढरा, भगवा, ओला हिरवा व राखाडी अशा चारच रंगपट्ट्या.

जितकी चित्रे अधिक तितका फलक समृद्ध, असेही मानले जाते. माझ्या मते दहाबारा पुरेत. त्यापलीकडे चित्रे एकमेकांचे म्हणणे खोडू लागतात. खर्चिक संगणकप्रणालीचीही गरज नाही. पुठ्ठा, कात्री, खळ आणि जुनी मासिके एवढ्यावर उत्तम काम होते.

पूर्वतयारीने उत्स्फूर्तता मरते, हा आक्षेप मात्र आदराने ऐकावा असा आहे. तरीही अनुभवी छायाचित्रकाराला विचारावे : ऐन गर्दीत मन कशात गुंतते? कोणते भिंग लावावे, कोठे उभे राहावे, रंग सांभाळावेत की चेहरे, या प्रश्नांत. त्यांचा निवाडा घरी झालेला असला, की रस्त्यात अवचित समोर आलेल्या म्हाताऱ्या माउलीच्या हास्यासाठी डोळा मोकळा राहतो. लग्नापूर्वीच्या छायाचित्रांसाठी मगरपट्ट्यातील एखादे जोडपे येते, तेव्हा तर हा फलक करारनाम्याचेच काम करतो. ‘साधे पण उठावदार’ या शब्दांनी वधूच्या मनात सुती नऊवारी उभी राहते आणि छायाचित्रकाराच्या मनात काळी पार्श्वभूमी, आणि हा मतभेद चित्रे समोर ठेवल्याखेरीज चित्रीकरणाच्या दिवसापर्यंत उघडकीस येत नाही.

दुसऱ्याचे चित्र फलकावर लावणे हीच चोरी, असे मानणारेही काही आहेत. आपल्या खासगी अभ्यासापुरता असा उपयोग करण्यास १९५७ चा कॉपीराइट कायदा मोकळीक देतो; तथापि तेच चित्र विनापरवाना जाहिरातीत छापणे किंवा आपले म्हणून मिरविणे निराळे. छायाचित्रावरचा हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणून फलकावरील प्रत्येक चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव लिहून ठेवावे, आणि त्याच्या शेजारीच त्यातून नेमके काय घ्यावयाचे आहे, म्हणजे प्रकाशाची दिशा, एखादा रंग किंवा उभे राहण्याची ठेवण, याची एका ओळीत नोंद करावी.